राखणदाराच्या पायात काय?

अमेरिकेत हरणाच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की बुटांवर वाद रंगतात. चामड्याचा बूट पायाचा घाम पितो, तो वास वाटेवर आणि गवताच्या पात्यांवर रेंगाळतो, आणि मागाहून त्या वाटेला आलेलं हरीण हुंगून माघारी फिरतं, असा शिकाऱ्यांचा अनुभव. म्हणून तिथला जाणता शिकारी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट वापरतो, ते घरात ठेवत नाही आणि पेट्रोल पंपावर ते घालून उतरत नाही. माणसाचा वास लपवणं हा तिथे एक धंदाच झाला आहे. नांदेड-लातूरच्या वाचकाला हे सारं श्रीमंतांचे चोचले वाटतील, आणि ते वाटणं गैरही नाही. पण हरीण आणि पायताण हा विषय आपल्याकडेही आहे. लोहा, कंधार, मुखेडपासून अहमदपूर, चाकूर, उदगीरपर्यंत कोवळ्या सोयाबीनची आणि हरभऱ्याची राखण करायला जो माणूस रात्री बांधावर जातो, त्याच्या पायात बहुतेक वेळा चप्पल असते, कधी तीही नसते. हरणांच्या नुकसानीवर आपण मोर्चे काढतो, निवेदनं देतो, अधिवेशनात लक्षवेधी लावतो. या माणसाच्या पायांबद्दल मात्र कोणी बोलत नाही. पीकसंरक्षणाच्या प्रत्येक योजनेत झटका मशीनच्या आधी गमबूट यायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

शिकारीचा मुद्दा आधी निकाली काढू, कारण गावागावात 'एकदा परवानगी द्या, बघा कसा बंदोबस्त होतो' हे वाक्य ऐकू येतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. काळवीट त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. याच कायद्याच्या कलम ११ मध्ये फरक स्पष्ट केला आहे. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याने उभ्या पिकाचं नुकसान केलं तर त्याला मारायची परवानगी मिळू शकते. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवावर उठला असेल, किंवा बरा न होण्याइतका जायबंदी वा आजारी असेल, तरच ती मिळते. पीक खाल्लं हे कारण काळविटाच्या बाबतीत चालत नाही. रोही आणि रानडुकराचं तसं नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये परवानगीची वाट मोकळी केली. पण अर्ज, पंचनामा, परवान्याची बंदूक आणि ती चालवणारा माणूस हे सगळं जमवेपर्यंत कळप शेत चरून निघून गेलेला असतो. बिहारमध्ये २०१६ साली मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून अधिक रोही मारले गेले. त्यावरून केंद्रातले दोन मंत्री, प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी, उघडपणे भांडले. बिहारच्या शेतातून रोही मात्र गेलेले नाहीत. थोडक्यात, हरीण मारण्यासाठी बूट निवडायचा प्रश्न आपल्याकडे उद्भवत नाही, आणि तो उद्भवावा असं मला वाटतही नाही. हरणं माळावरचीच. माळ नांगरून आपण शेतं वाढवली आणि त्यांचं कुरण पिकाखाली गेलं. लातूर हा राज्यातल्या अगदी कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे, तेव्हा त्यांनी जायचं तरी कुठे?

मग उरते ती राखण. राखणदाराचं गणित शिकाऱ्याच्या नेमकं उलट असतं. शिकाऱ्याला वास लपवायचा असतो, याला तो पसरवायचा असतो. न्हाव्याच्या दुकानातले केस पोत्यात भरून आणून बांधावर टाकणं, जुन्या साड्या खुंट्यांना बांधणं, कुजवलेल्या अंड्यांचं पाणी कडेच्या ओळींवर फवारणं, हे सगळे उपाय 'इथे माणूस आहे' किंवा 'इथे काही मेलंय' असं जनावराला भासवण्याचे आहेत. काही जण तर फोरेटच्या पुरचुंड्या टांगतात. तो विषारी प्रकार माणसाच्या, गुरांच्या आणि पाण्याच्या मुळावर येणारा असल्याने तो करूच नये. बाकीचे उपाय थोडेफार चालतात. अंड्यांवर आधारलेली औषधं हरणांना रोखण्यात इतरांपेक्षा बरी ठरतात, हे परदेशातल्या चाचण्यांत अनेकदा दिसलं आहे. पण मर्यादा दोन आहेत. एक, जनावर सरावतं. ज्या वासामागून काहीच घडत नाही, त्याला ते चार-आठ दिवसांत भीक घालेनासं होतं. दुसरी मर्यादा नाकाची. रानडुकराचं नाक तीक्ष्ण असतं, काळवीट आणि रोही हे मात्र मोकळ्या रानातले प्राणी आहेत आणि त्यांची खरी भिस्त डोळ्यांवर असते. वाऱ्याचं भानही ठेवावं लागतं. खरिपात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे पूर्वेच्या बांधावर टाकलेल्या केसांचा वास आपल्या शेताला काही उपयोगाचा नाही, तो शेजाऱ्याकडे जातो. म्हणून पोतं, साडी, बुजगावणं सगळं करूनही शेवटी माणसाला स्वतः उठून बॅटरी घेऊन फिरावं लागतं. माणूस दिसला, हलला, ओरडला की कळप पळतो. या उपायाला आजवर पर्याय मिळालेला नाही.

आता हा फिरणारा माणूस जिथे पाय टाकतो ती जागा पाहू. पूर्वी ज्वारीच्या फडात माळा असायचा. राखणदार उंचावर बसायचा, गोफण फिरवायचा, जमिनीवर कमी वेळ असायचा. गेल्या तीसेक वर्षांत ज्वारी हटली आणि सोयाबीन आलं. ऑगस्ट-सप्टेंबरात सोयाबीनच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि खालची जमीन दिसेनाशी होते. त्या सावलीत उंदीर, बेडूक आणि त्यांच्यामागे घोणस आणि नाग. रात्रीची वेळ, हातात कमजोर बॅटरी, नजर दूरवरच्या कळपावर, आणि पायात टायरच्या तळाची चप्पल. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी मृत्यू-अभ्यासाने मांडला. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि मरणारे बहुतांश खेड्यातले. हेच चार महिने कोवळ्या पिकाच्या राखणीचेही आहेत. शेतात होणारे दंश प्रामुख्याने पावलावर, घोट्यावर, पोटरीवर होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातलं, आणि आपल्या भागातल्या देशांसाठीच्या तिच्या मार्गदर्शनात शेतात बूट आणि रात्री उजेड या दोन गोष्टी ठळकपणे सांगितल्या. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला, त्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरलं आहे. प्रतिसर्पविषाचा पुरवठा वाढवून त्यातला काही भाग साधेल. पण किनवट-माहूरच्या टोकाला दंश झालेल्या गंभीर रुग्णाला शेवटी शंभर किलोमीटरहून लांब विष्णुपुरीच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणावं लागतं, आणि घोणसीचं विष तेवढा वेळ थांबत नाही. मूत्रपिंडं निकामी झाली की पुढचा खर्च घर मोडणारा असतो. दंशच होऊ न देणं हा सर्वांत स्वस्त इलाज आहे, आणि योगायोग असा की त्यासाठी लागणारी वस्तू म्हणजे अमेरिकन शिकाऱ्याचा तोच गुडघ्यापर्यंतचा रबरी बूट. त्याला तो वासासाठी हवा असतो, आपल्याला जिवासाठी.

इथे शेतकरी हसेल. काळ्या रानात पावसानंतर गमबूट घालून चालून दाखवा, असं तो म्हणेल, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आपली कापसाची काळी माती ओली झाली की पायाला गोळा धरते. दहा पावलांत बूट दोन किलोचा होतो आणि कधी पाय वर येतो, बूट मातीतच राहतो. शिवाय उकाडा. आतून घाम, बोटांत चिखल्या. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांचा जीव गेला, तेव्हा मास्क, हातमोजे, चष्म्यांचे संच वाटले गेले. त्यातले कितीतरी पेटीतून बाहेरच आले नाहीत, कारण भर उन्हात ते घालून काम होत नाही. पण राखण आणि फवारणी यांत फरक आहे. राखण रात्रीची असते, उन्हातली नव्हे. राखणदार दिवसभर वाकून काम करत नाही, तो तासातासाने बांधावरून एक फेरी मारतो, आणि बांधाची वाट शेताच्या आतल्या मातीइतकी चिकट नसते. त्यामुळे निंदणीला, पेरणीला बूट घाला असं सांगण्यात अर्थ नाही. रात्रीच्या फेरीला घाला, एवढंच म्हणणं आहे. वस्तू निवडतानाही थोडं डोकं लावलं तर अर्धी तक्रार मिटते. हलका बूट घ्यावा, मापापेक्षा एक नंबर मोठा, आत सुती मोजा, तळ खोल खाचांचा नको कारण खाचांतच माती भरते, आणि उंची निदान पोटरीच्या मध्यापर्यंत. घोट्यापर्यंतच्या कॅनव्हासच्या बुटाने समाधान मानू नये. जाड रबर आणि पायाभोवतीची मोकळी जागा या दोन्ही मिळून दात अडवतात. प्रत्येक वेळी बूट उलटा झटकून मगच पाय घालावा, कारण विंचवालाही अशी जागा आवडते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर बुटात नाही. मण्यार चालत्या माणसाला क्वचित चावतो. तो चावतो झोपलेल्याला, जमिनीवर अंथरूण टाकलेल्याला, आणि त्याच्या दंशाची खूण अनेकदा सापडतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे त्याला अपचन समजतात. दोन फेऱ्यांच्या मधे शेतातच गोधडी अंथरून पडणाऱ्या राखणदाराला बूट काय कामाचा? नाहीच. त्याला बाज आणि मच्छरदाणी हवी, किंवा जुना माळा पुन्हा उभा करायला हवा. म्हणून मी गमबुटाला रामबाण म्हणत नाही. नाग आणि घोणस यांच्यापासून पाय वाचवणं एवढंच त्याचं काम. पण एक धोका टळत नाही म्हणून दुसराही टाळायचा नाही, हा युक्तिवाद हेल्मेटच्या बाबतीत आपण केव्हाच सोडून दिला आहे.

काही जण विचारतील, आधी हरणांचा बंदोबस्त करा, म्हणजे राखणही नको आणि बूटही नको. तत्त्वतः बरोबर. मध्य प्रदेशात २०२५ मध्ये शाजापूरच्या बाजूला हेलिकॉप्टर आणि कळपाला नरसाळ्यासारख्या कुंपणात हाकण्याची 'बोमा' पद्धत वापरून शेकडो काळविटं न मारता पकडली आणि अभयारण्यांत हलवली. मराठवाड्यातही तसा प्रयोग व्हावा, त्याची मागणी लावून धरावी. सौर कुंपणालाही माझा विरोध नाही, मात्र त्याला अनुदान देणारी जन-वन विकास योजना मुळात व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांसाठी आखलेली. जंगलच नसलेल्या लातूरच्या हरणांना ती नीट लागू कशी करणार, हे सरकारने सांगावं. कुंपणात थेट वीज सोडण्याचा जो प्रकार चालतो तो गुन्हा तर आहेच, आणि त्यात हरणाआधी शेजारीच मरतो. हे सगळं घडायला वर्षं लागतील. तोवर राखण चालूच राहणार, आणि राखणदार चालत राहणार.

आणि पैशाचं म्हणाल तर सरकार तो आजही खर्च करतंच, फक्त उशिरा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास वारसाला दोन लाख रुपये मिळतात. ते मिळायलाच हवेत. पण त्या एका रकमेत काही शे रुपयांचा बूट एका अख्ख्या गावाला पुरेल. बांधकाम कामगारांना त्यांचं कल्याण मंडळ सुरक्षा संच देतं, त्यात बूट असतात. त्याला कोणी उधळपट्टी म्हणत नाही. शेतकरी आणि शेतमजूर यांना मात्र पायांसाठी काहीच नाही, कारण शेत हे कामाचं ठिकाण आहे, हे आपल्या योजनांच्या डोक्यात अजून शिरलेलं नाही. नांदेड आणि लातूर जिल्हा परिषदांच्या कृषी विभागांनी आपल्या निधीतून निदान हरणांचा उपद्रव असलेल्या गावांत सुरुवात करावी. वाटताना मापं घेऊन वाटावेत, बायकांच्या मापाचेही असावेत, कारण राखणीला त्याही जातात. आणि शेतकऱ्यांनी सरकारची वाट पाहत बसू नये. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग निघायच्या आत बियाण्याची पिशवी आणायला मोंढ्यात जाल, तेव्हा एक जोड बूट आणि एक चांगली बॅटरी घेऊनच गावाकडे परता.