पैसे देऊन आपणच भाजायचं?

पुण्यात कोरियन बार्बेक्यूचा विषय निघाला की आमच्या पाटणकडच्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला. "आपणच भाजायचं, तर पैसे कशाचे?" मंडळी, हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता एकदाच लिहून उत्तर द्यावं म्हणतो.

आधी, ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी. रांजणगावला एलजी आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्यायचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला. अशा कंपन्यांबरोबर पुण्यात कोरियन माणसं आली आणि मागोमाग त्यांची हॉटेलंही. टेबलाच्या मधोमध शेगडी, वर धूर ओढणारा पाइप. मांस कच्चंच येतं, बरेचदा डुकराच्या पोटाकडचं (त्याला सामग्योपसाल म्हणतात). चिमट्याने उलटायचं, चक्क कात्रीने कापायचं, सॅलडच्या पानात लसूण-चटणीबरोबर गुंडाळायचं आणि एका घासात आत. भोवती किमची आणि इतर वाट्या.

आता मुद्दा. इथे जो भाजतो तो टेबलावरच बसलेला असतो. भाजता भाजता खातो, गप्पांत असतो, गरम तुकडा शेजारच्याच्या ताटात टाकतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, हा बग नाही, फीचर आहे.

आणि आपल्याकडे? यात्रेच्या दिवशी मटणाच्या पातेल्यापाशी बापय मिरवतात, हे खरं. पण भाकऱ्या कोण थापतं? आधी पै-पाहुण्यांची पंगत, मग घरच्या पुरुषांची, पोरांची. बायका बसतात तेव्हा भाकरी गार झालेली आणि रश्श्यात फोड शोधावी लागते. तरी आपण कौतुक कशाचं करतो, तर आग्रह करकरून वाढल्याचं! ज्याच्या पुढ्यात आयतं ताट येत आलंय, त्यालाच स्वतः भाजण्यात तोटा दिसतो. घरी "पैसे कशाचे" हे त्याने कधी विचारलेलं नसतं.

तुम्ही म्हणाल, कोरियात काय सगळं आलबेल आहे? मुळीच नाही. तिकडे चुसोकच्या सणाला सुनांची स्वयंपाकघरात जी दमछाक होते, त्यावर दरवर्षी बोललं जातं. मी कोरियन घराची आरती ओवाळत नाहीये. मी त्या टेबलाची बाजू घेतोय.

सगळ्यात राग येतो तो हायवेवरच्या "चुलीवरचं मटण" पाट्या बघून गहिवरणाऱ्यांचा. अहो, चुलीपुढे डोळे चोळत फुंकणी कुणी मारली? २०१६ मध्ये सरकारला उज्ज्वला योजना आणावी लागली ती याच धुरापायी. चव आपण घेतली, धूर आयांनी. आता त्याच धुराची आठवण आपण जादा पैसे मोजून खातो, आणि कोरियन शेगडीवर चार तुकडे उलटायचे म्हटलं की मात्र हिशोब काढतो!

असो. पुढच्या यात्रेला कोरियन शेगडी नकोच. घरच्या बायकांना पहिल्या पंगतीला बसवा आणि तव्यापुढे तुम्ही बसा. भाकऱ्या वाकड्या होतील, होऊ द्यात. विसावी थापून झाली की मग मला विचारा, पैसे कशाचे.