ह्यात आपलं काय होतं?

सिएटल परिसरातला उन्हाळा जेमतेम तीन महिन्यांचा. जूनच्या अखेरीस रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड रेंगाळतो, परसात खुर्च्या मांडल्या जातात आणि जिवाभावाच्या माणसांना जेवायला बोलावण्याचे दिवस सुरू होतात. दोन वर्षांपूर्वी आम्हीही बारा जणांना बोलावले. त्यांत कार्यालयातले सहकारी होते, शेजारी होते, विहारात भेटणारी दोन कुटुंबे होती. जेवण बाहेरून मागवले: पनीर, छोले, जिरा राईस, गुलाबजाम. कोणाला काही खटकू नये, एवढाच आमचा निकष होता. पाहुणे तृप्त होऊन गेले. भांडी आवरताना लातूरकडच्या गावाहून आलेल्या आई म्हणाल्या, "समदं गोड झालं, पण ह्यात आपलं काय व्हतं?"

आम्ही निरुत्तर झालो. कारण आईंनी तीन पिशव्यांत गुंडाळून आणलेली सुकट तेव्हा फ्रीजरच्या तळाशी पडून होती. "पाहुणे जाईपर्यंत ती भाजू नका, वास राहतो," असे आम्हीच त्यांना आदल्या दिवशी बजावले होते.

हा प्रसंग केवळ आमच्या घरचा आहे, असे आम्हाला वाटत नाही. आपल्यापैकी अनेकांनी परदेशात पदव्या मिळवल्या, घरे घेतली, दिवाणखान्यात बाबासाहेबांची तसबीर अभिमानाने लावली. पण स्वयंपाकघराची खिडकी मात्र अजून चोरून उघडतो. 'मराठी जेवण' म्हटले की पुरणपोळी, मोदक, साजूक तुपाची धार, हे चित्र आपणही मुकाट्याने मान्य केले आहे. शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीवरचे पदार्थ ग्रंथात आणले, तेव्हा त्या शीर्षकातला एक 'अ' किती मोठी उणीव दाखवत होता, हे आपल्या ध्यानात यायला हवे होते.

येथे एक रास्त आक्षेप निघतो. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि उष्टे अन्न सोडून द्या, असे बजावले. मग जुन्या ताटाचा हा गौरव कशाला? आमच्या मते बाबासाहेबांनी नाकारायला सांगितली ती लाचारी होती. गावाने फेकलेले उचलणे वेगळे आणि स्वकष्टाच्या पैशाने विकत घेऊन, आईच्या हातची चव राखून शिजवलेले अन्न वेगळे. पहिल्याचे उदात्तीकरण करू नये आणि दुसऱ्याची लाज बाळगू नये. हा विवेक सुटला, तर अभिमानही दिखाऊ ठरतो.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा बारा जणांना बोलावले आणि निमंत्रणातच पदार्थांची नावे कळवली. जेवण चार टप्प्यांत वाढायचे ठरले. आरंभी ताकातली गार आंबील आणि निखाऱ्यावर भाजलेली मक्याची कणसे. पंचशीलानुसार मद्य नव्हते. आंबिलीचे पेले रिकामे होत गेले तशी त्याची उणीव कोणाला भासलीही नाही. मग सुकटीची चटणी, मिरचीचा खरडा आणि भाकरीचे चतकोर. त्यानंतर वजडी, आणि शाकाहारी मित्रांसाठी वेगळ्या पातेल्यात येसर आमटी. शेवटी गुळातली गव्हाची खीर. सुजातेच्या खिरीची कथा मुलांनी सांगितली.

वजडी आम्ही मेक्सिकन दुकानातून आणली. त्यांच्याकडे तिचेच 'मेनुदो' होते, त्यामुळे तिथल्या विक्रेत्याला आमच्या मागणीचे नवल वाटले नाही. आमच्या कृष्णवर्णीय शेजारीणबाईंनी पहिला घास घेऊन आपल्या आजीच्या स्वयंपाकाची आठवण काढली. गुलामगिरीत मालकाने टाकाऊ ठरवलेल्या भागांतून त्यांच्या पूर्वजांनी एक पाककला उभी केली, आणि आज जूनटीन्थच्या सणाला ती कुटुंबे आपले पदार्थ उजळ माथ्याने मांडतात. 1946 साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून जे साम्य नोंदवले होते, ते आमच्या मेजावर त्या संध्याकाळी चवीच्या रूपाने आले.

मात्र सारेच आले नाहीत. पदार्थांची नावे वाचल्यावर एका जुन्या स्नेही कुटुंबाने 'त्या दिवशी जमणार नाही' असे कळवले. कारण आम्ही विचारले नाही आणि कल्पनेने त्यांच्यावर आरोपही करणार नाही. दुसरे एक शाकाहारी जोडपे आले, फक्त आमटी-भाकरी जेवले, पण वजडीच्या पातेल्याशेजारीच बसले. त्यांचे ते बसणे आम्हाला मोलाचे वाटते.

सहभोजनाने जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच 'जातिनिर्मूलन'मध्ये स्पष्ट केले आहे. ज्या शास्त्रांच्या पावित्र्यावर जात उभी आहे, त्यांवरची श्रद्धाच ढळायला हवी, असे ते सांगतात. 2023 साली सिएटल शहराने जातिभेदाविरुद्ध कायदा केला, तोही काही जेवणावळीतून झाला नाही. एका मेजवानीकडून क्रांतीची अपेक्षा करणे भाबडेपणाचे होईल. तरीही जेवणाचे मेज एक काम चोख करते: कोण कोणत्या अटीवर आपला आहे, हे ते दाखवते. आणि आपण स्वतः कोणत्या अटीवर त्यांचे झालो होतो, हेही.

आणखी एक गोष्ट. चार टप्प्यांचे जेवण म्हणजे घरातल्या बाईने चार वेळा उठणे, असे होणार असेल, तर ती समता अर्धीच. आम्ही खीर आदल्या रात्रीच केली, येसर आठवडाभर आधी भाजून ठेवला आणि तवा परसातल्या शेगडीवर चढवला. पीठ पुरुषांनी मळले, पाहुण्यांनीही भाकरी थापून पाहिल्या. कुणाची त्रिकोणी झाली, कुणाची फाटली. आई पहिल्या पंक्तीला बसल्या. आयुष्यभर सर्वांना वाढून शेवटी खरवड खाणाऱ्या बाईला आपल्याच घरी पहिले ताट मिळाले.

या उन्हाळ्यात आपणही कोणाला बोलवाल, तेव्हा बाहेरून काही मागवण्याआधी आईंचा तो प्रश्न स्वतःला विचारून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे. सुकट भाजताना खिडकी जरूर उघडावी, पण धूर बाहेर जावा म्हणून.