कॉर्टिसॉलवरचा आळ

‘जेवण लांबलं की साखर पडते, साखर पडली की कॉर्टिसॉल उसळतं आणि कॉर्टिसॉल उसळलं की पोट सुटतं.’ हा तीन पायऱ्यांचा सिद्धान्त सकाळी बागेत फिरणाऱ्या मंडळींपासून व्यायामशाळेतल्या प्रशिक्षकांपर्यंत अनेकांना तोंडपाठ आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव पोचवलेली दोनदाच जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात गाजली, तेव्हापासून ‘दर दोन तासांनी खा’ म्हणणाऱ्यांच्या भात्यात हा बाण हमखास असतो. कोणाचं ताट बरोबर, हा इथला विषय नाही. बाण मात्र तपासायला हवा, कारण त्याचं टोकच बोथट आहे.

पूर्वपक्ष पहिल्याच पायरीवर अडखळतो. रात्री नऊला जेवलेला निरोगी माणूस सकाळी सातला उठतो तेव्हा दहा तास पोटात काही गेलेलं नसतं. तरीही लॅबच्या कागदावर त्याची फास्टिंग शुगर दर डेसिलिटरला 70 ते 99 मिलिग्रॅमच्या दरम्यानच येते. सगळ्या रक्तात मिळून एका वेळी ग्लुकोज असतं जेमतेम चमचाभर, चार-पाच ग्रॅम. एकटा मेंदू दिवसाला शंभराहून अधिक ग्रॅम फस्त करतो. म्हणजे हा चमचा रात्रभर कोणीतरी भरत असतं. तो भरणारा म्हणजे यकृत: आधी साठवलेलं ग्लायकोजेन सोडतं आणि मग अमिनो आम्लं, लॅक्टेट, ग्लिसरॉल यांच्यापासून नवं ग्लुकोज घडवतं. चार तास पोट रिकामं राहिलं म्हणून हे कोठार ओस पडत नाही.

आता दुसरी पायरी. निरोगी स्वयंसेवकांना शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज एकाच वेळी देऊन साखर टप्प्याटप्प्याने खाली आणायची आणि प्रत्येक टप्प्यावर रक्तातली संप्रेरकं मोजायची, असे प्रयोग 1980 आणि 1990च्या दशकांत झाले. त्यातून जो क्रम दिसला तो मोठा बोलका आहे. ऐंशीच्या आसपास पहिला बदल होतो, आणि तो कोणी येण्याचा नाही, तर जाण्याचा: शरीर स्वतःचं इन्सुलिन आवरतं घेतं. सत्तरच्या जरा खाली ग्लुकागॉन आणि ॲड्रिनॅलिन धावून येतात आणि यकृताला कामाला लावतात. ग्रोथ हार्मोन त्यांच्या मागोमाग येतं. कॉर्टिसॉल हलतं ते साठच्या खाली. घाम, थरथर, धडधड ही लक्षणं बहुधा 55 ते 50 या पट्ट्यात जाणवतात, आणि पन्नासच्या खाली विचार अडखळू लागतात. कॉर्टिसॉलचा साखरेवरचा परिणाम दिसायलाही काही तास लागतात. जो पहारेकरी सर्वांत शेवटी पोचतो, त्याच्यावर दुपारच्या चारच्या भुकेचा आळ घालणं हा अन्यायच आहे.

कॉर्टिसॉलचा हा उशीर डॉक्टर रोजच्या कामात वापरतातही. पिट्युटरी ग्रंथी ताकदीने काम करते का, हे पाहायचं असेल तर रुग्णाला देखरेखीखाली इन्सुलिन टोचून साखर मुद्दाम 40च्या खाली नेतात आणि पुढचे दीड-दोन तास ठरावीक अंतराने रक्त घेत कॉर्टिसॉल किती चढतं ते बघतात. त्यासाठी चाळीसच्या खाली जावं लागतं. चहाची वेळ टळून भागत नाही.

ॲड्रिनॅलिनची गोष्ट त्याहून जुनी. इन्सुलिन सापडून दोन-तीन वर्षं होतात न होतात तोच, 1924 साली, हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन आणि सहकाऱ्यांनी मांजरांवर एक देखणा प्रयोग केला. हृदयाकडे जाणाऱ्या नसा आधीच तोडलेल्या, म्हणजे मेंदूचा हुकूम हृदयापर्यंत पोचण्याची वाटच बंद. तरी इन्सुलिन देऊन साखर घसरू लागली तसे ठोके वाढले आणि ग्लुकोज टोचल्यावर पुन्हा उतरले. जे काही येत होतं ते रक्तातून येत होतं, अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून. तणावाची म्हणून बदनाम झालेली संप्रेरकं मुळात साखर वाचवायला धावतात, हे शंभर वर्षांपूर्वीच कळलेलं आहे.

‘पण मला खरंच थरथर होते, त्याचं काय?’ हा प्रश्न रास्त आहे. हातपाय गळणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, घाबरंघुबरं होणं खोटं नसतं. मात्र त्याला साखर जबाबदार आहे असं म्हणायला अमेरिकन शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी 1938 साली घातलेल्या तीन अटी आजही लागतात: लक्षणं हवीत, त्याच क्षणी मोजलेली साखर कमी हवी आणि साखर वर आणल्यावर लक्षणं जायला हवीत. तिन्ही एकत्र. ‘बिस्किट खाल्लं आणि बरं वाटलं’ ही केवळ तिसरी अट, तीही अर्धीच. 1970च्या दशकात अमेरिकेत ‘लो शुगर’ची अशी लाट आली होती, की थकवा, उदासी, चिडचिड सगळं तिच्या खात्यावर जमा होऊ लागलं. शेवटी 1973मध्ये तिथल्या तीन वैद्यकीय संघटनांना एकत्र निवेदन काढून लोकांना जमिनीवर आणावं लागलं. जठराच्या काही शस्त्रक्रियांनंतर जेवणापाठोपाठ साखर खरोखर पडते, इन्सुलिनोमासारख्या गाठीतही पडते. पण ते आजार आहेत, भूक नव्हे.

इथवर वाचून दुसऱ्या बाजूचे लोक टाळ्या वाजवतील. त्यांनी थोडं थांबावं. कारण त्यांचा सिद्धान्त अधिक धोक्याचा आहे: ‘शरीर सगळं सांभाळून घेतं, आणि नाहीच जमलं तर घाम फुटून कळतंच की.’ वीस-पंचवीस वर्षं इन्सुलिन घेणारे काका हे मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. वर मांडलेला क्रम निरोगी माणसाचा होता, हे इथे विसरलं जातं. काकांच्या शरीरात पहिली पायरीच नसते, कारण टोचलेलं इन्सुलिन परत घेता येत नाही. टाइप 1 मधुमेहात दुसरीही काही वर्षांत जाते. साखर पडली तरी ग्लुकागॉन वाढत नाही, हे 1973पासून ठाऊक आहे. उरतं ते ॲड्रिनॅलिन. आणि ते सवयीने मंदावतं.

सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले फिलिप क्रायर यांनी आयुष्याचा मोठा भाग या प्रश्नावर घालवला. सायमन हेलर यांच्याबरोबर 1991मध्ये त्यांनी दाखवलं, की मधुमेह नसलेल्या माणसातसुद्धा एका दुपारी साखर पन्नासच्या आसपास उतरवली, तर दुसऱ्या दिवशी तशाच घसरणीला संप्रेरकांचा प्रतिसाद कमी होतो आणि लक्षणंही कमी जाणवतात. एकाच दुपारची ही किंमत! मग ज्याची साखर आठवड्यातून चारदा पडते, त्याचा गजर हळूहळू वाजायचाच थांबतो. झोपेत तर ॲड्रिनॅलिनचा प्रतिसाद तसाही दबलेला असतो. साखर काटेकोर ठेवण्याचे फायदे सिद्ध करणाऱ्या डीसीसीटी या 1993च्या प्रसिद्ध अभ्यासातही कडक उपचार घेणाऱ्या गटात साखर धोकादायक पडण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट निघालं.

गंमत अशी, की कॉर्टिसॉलवर संशय घ्यायचाच असेल तर तो इथे घ्यावा. आदल्या दिवशी कॉर्टिसॉल देऊन ठेवलं, तर साखर न पाडतासुद्धा दुसऱ्या दिवशीचा प्रतिसाद मंदावतो, असं 1990च्या दशकातल्या काही प्रयोगांत दिसलं. ज्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतच नाहीत, त्यांच्यात आदल्या दिवशी साखर पाडूनही ही मंदी आढळली नाही. वाद पुरता मिटलेला नाही. पण आरोप पोटावरच्या चरबीचा नसून गजर बिघडवल्याचा आहे.

तिसरा समज दवाखान्यांतूनच आला. मायकेल सोमोजी यांनी 1938मध्ये मांडलं, की रात्री साखर पडते, संप्रेरकं उसळतात आणि म्हणून सकाळी साखर चढलेली दिसते; सबब रात्रीचं इन्सुलिन कमी करा. कल्पना इतकी सुबक, की पिढ्यानपिढ्या शिकवली गेली. सोमोजीही सेंट लुइसचेच, आणि क्रायर यांच्याच गटाने 1987मध्ये रात्रभर मोजमाप करून दाखवलं, की रात्री साखर पडल्याने सकाळची साखर चढते असा पुरावा मिळत नाही. सकाळची चढलेली साखर बहुतेकदा इन्सुलिन अपुरं पडल्याची खूण असते; पहाटेकडे ग्रोथ हार्मोनच्या प्रभावाने ते आणखी अपुरं पडतं. शंका असेल तर रात्री दोन-तीनला एकदा उठून साखर मोजावी, अंदाजाने डोस उतरवू नये.

मंदावलेला गजर पुन्हा वाजू लागतो, ही यातली आशेची बाजू. दोन-तीन आठवडे ते काही महिने साखर कटाक्षाने पडू दिली नाही, तर बऱ्याच जणांत निदान लक्षणं तरी परत जाणवू लागतात, हे 1993-94च्या सुमारास वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. त्यासाठी उद्दिष्ट थोडं सैल करावं लागतं, आणि ‘माझी शुगर नव्वदच्या वर जात नाही’ ही फुशारकी सोडावी लागते.

आपल्याकडे प्रश्न केवळ इन्सुलिनचा नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. निर्जळी एकादशीला किंवा रोज्याच्या दिवशी नेहमीची गोळी तशीच घेणारे म्हणूनच संध्याकाळी अडचणीत येतात. उपासाआधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यायला हवा. साखर सत्तरच्या खाली दिसली तर तीन चमचे साखर किंवा तितकंच ग्लुकोज पाण्यातून घ्यावं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं. व्होग्लिबोज चालू असेल तर साधी साखर सावकाश पचते, तिथे ग्लुकोज पावडरच लागते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड दबून जातात, घाम मात्र फुटतो. मे महिन्यात मुंबईच्या लोकलमध्ये उभ्या असलेल्या काकांना तो घाम कशाचा, हे बोटाला सुई टोचल्याशिवाय कळणार नाही.