पाना कुणाच्या हातात?

वरोऱ्यात आमच्या गटातली एक मैत्रीण मिक्सर, पंखे, कधीमधी व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करते. गिऱ्हाईक दुकानात येतं आणि तिलाच विचारतं, "मिस्त्री कुठं गेले?" यंत्र वापरायचं बाईनं, उघडायचं मात्र पुरुषानं!

मिक्सर काय नि व्हॅक्यूम क्लीनर काय, आतली मोटर एकाच जातीची. कार्बन ब्रश झिजतात. धुळीची पिशवी भरली की हवा अडते, मोटर तापते. यात पुरुषी असं काय आहे?

दोष आपलाही आहे. बचत गटाचं प्रशिक्षण म्हटलं की पापड, लोणची, शिवणकाम. मीसुद्धा तिला आधी शिलाई मशीनच सुचवली होती. २०१५ पासून मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतचं 'शिशु' कर्ज तारणाशिवाय मिळतं. तरी तिच्याकडे नवऱ्याची सही मागितली गेली. दुकान त्याच्याच नावानं काढ, असा घरचाही आग्रह. ती अडून बसली. आज पाटीवर तिचं नाव आहे.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत दोनच प्रश्न विचारूया : आपल्यातल्या किती जणींच्या हातात पाना आहे? आणि कष्ट आपले असताना पाटीवर नाव कुणाचं?