रांग न लागणारे खत

संसदेत खतांचा विषय निघाला की तो युरियापाशी सुरू होतो आणि बहुधा डीएपीपाशी संपतो. पत्रकार सज्जातून अनेक वर्षे ऐकलेल्या या चर्चांत म्युरिएट ऑफ पोटॅशचा, म्हणजे शेतकरी ज्याला नुसते ‘पोटॅश’ म्हणतो त्या क्षाराचा उल्लेख क्वचितच कानी पडतो. याचे कारण जितके राजकारणात आहे, तितकेच त्या क्षाराच्या स्वभावातही आहे.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचे सख्खे भावंड. कॅनडा, रशिया व बेलारूस येथे प्राचीन समुद्र आटून झालेल्या थरांतून ते खणले जाते. मग खनिज दळून त्यातील साधे मीठ वेगळे काढतात. काही माल तांबूस दिसतो तो लोहाच्या अंशामुळे. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार त्यात पाण्यात विरघळणारे पोटॅश किमान ६० टक्के असावे लागते आणि ओलावा अर्ध्या टक्क्याच्या आत. ते पेट घेत नाही. दमट हवेत गोठून त्याचे ढेकूळ होते, एवढीच काय ती साठवणुकीतील डोकेदुखी.

युरिया टाकला की काही दिवसांतच शेत हिरवेगार होते. पोटॅशचे काम मात्र डोळ्यांना दिसत नाही. पानात तयार झालेली साखर फळाकडे वा कांड्याकडे नेणे, पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनास आळा घालणे, ताट लोळू न देणे ही त्याची कामे. उणीव जाणवते ती जुन्या पानांच्या कडा करपू लागल्यावर, आणि तोवर बराच हंगाम हातचा गेलेला असतो. म्हणून पोटॅशसाठी रांगा लागत नाहीत, लाठीमार होत नाही आणि शून्य प्रहरात कोणी उभे राहत नाही.

धोरणाने नेमका याचाच लाभ उठविला. १ एप्रिल २०१० रोजी अन्नद्रव्याधारित अनुदान योजना आली. स्फुरद आणि पालाश यांचे अनुदान प्रतिकिलो ठरवून किमती कंपन्यांवर सोपविण्यात आल्या. युरियाला हात लावण्याचे धाडस तेव्हाच्या सरकारला झाले नाही आणि नंतरच्यांनाही नाही. त्याआधी टनाला ४,४५५ रुपयांना मिळणारे पोटॅश काही वर्षांतच तिपटीहून महाग झाले. युरियाची ४५ किलोची गोणी मात्र २६६ रुपये ५० पैशांवर स्थिर राहिली.

२०२२ मध्ये युक्रेन युद्ध आणि बेलारूसवरील निर्बंध यांमुळे आयात करार टनाला ५९० डॉलरपर्यंत गेले. ५० किलोची गोणी १,७०० रुपयांवर पोचली. त्या खरिपात केंद्राने पालाशावर किलोला २५ रुपये ३१ पैसे अनुदान दिले. २०२३ च्या रब्बीत ते २ रुपये ३८ पैशांवर आले. गोणीच्या हिशेबात ७५९ वरून ७१ रुपये! जागतिक भाव उतरले होते, हे मान्य. पण डीएपीची गोणी १,३५० रुपयांवर राखण्यासाठी २०२४ मध्ये टनाला ३,५०० रुपयांचे विशेष साहाय्य मिळाले, तसे पालाशाच्या वाट्याला आले नाही. डीएपीसाठी रांगा लागतात, हे सांगायला नकोच.

पर्याय शोधलेच नाहीत असे नाही. ऑक्टोबर २०२१ पासून मळीपासूनचे पोटॅश या योजनेत आले. मळीतून मद्यार्क काढल्यावर उरणारे सांडपाणी जाळून मिळालेली ही राख. तिच्यात साडेचौदा टक्के पालाश असते. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला ही संधी आहे. पण ६० टक्क्यांच्या आयात मालापुढे वाहतुकीचा खर्च तिला जड जातो. राजस्थानातील नागौर-गंगानगर पट्ट्यातील खोलवरचे साठे काढता येतील का, हे अभ्यासण्यासाठी जानेवारी २०२१ मध्ये त्रिपक्षीय करारही झाला.

ऊस आणि केळी ही दोन्ही पालाशाची खादाड पिके, आणि दोन्ही महाराष्ट्राच्या राजकारणाच्या मुळाशी. तेव्हा राज्याच्या ४८ खासदारांपैकी एकाने तरी पुढील अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारावा, की युरिया या योजनेत कधी येणार? उत्तर लेखी न मिळता सभागृहात मिळाले, तर पुरवणी प्रश्नांनाही जागा राहील.