पातळ पात्याची मजुरी

सावेडीत घिसाडीदादांकडून भाजीची लहान सुरी घडवून घ्यायचं ठरलं, तेव्हा मंडळातल्या सगळ्यांनी सूचना केल्या. कोणाला चार बोटांचं पातं हवं, कोणाला लाकडी मूठ. पातं पातळच हवं, यावर मात्र एकमत. आपण भाजी 'कापत' नाही, 'सुधारतो'. पातळ पात्यानं भेंडीला अलगद उभी चीर देता येते, आतली अळी वेळेवर दिसते. जयणा ती हीच.

मग 'एवढीशी तर सुरी' म्हणून घासाघीस कशाला? ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं जाड पोलाद ठोकून, घासून पातळ करायचं, म्हणजे माल थोडा लागतो, पण मेहनत वाढते. किंमत नुसत्या मालाची नसते, मजुरीचीही असते, हे कॉमर्सवालीनं तरी विसरू नये. मागतील तेवढे द्या.