शिरेतून प्रतिजैविक : घाई कुठे, सबुरी कुठे

तापाच्या हंगामात खान्देशातल्या दवाखान्यांतून एक मागणी हमखास ऐकू येते : “डॉक्टर, गोळ्या नका देऊ, सलाईनमधून काहीतरी पावरफुल द्या.” चोपडा असो, शिरपूर असो की साक्री, खिडकीच्या गजाला बाटली लटकते, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या प्रतिजैविकाची वायल शिरेत जाते आणि रोगी संध्याकाळी घरी परततो. रोगी अडाणी आणि डॉक्टर लोभी, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते मान्य नाही. या रिवाजाच्या बाजूने बोलणारी माणसे बहुधा मनापासून बोलतात. म्हणून त्यांच्या एकेका मुद्द्याला उत्तर दिले पाहिजे.

पहिला मुद्दा रोजंदारीचा. कापूस वेचायला किंवा केळीच्या मळ्यात जाणारा माणूस आठवडाभर पडून राहिला तर चूल कशी पेटणार? सुईने तो लवकर उठतो, असे म्हणतात. रोज बुडण्याचे दुःख खरे आहे, पण सुईने ते टळते हे खरे नाही. बरेचसे ताप विषाणूंचे असतात आणि त्यांच्यावर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही. सलाईननंतर आलेली हुशारी पाण्याची, मिठाची आणि सोबत दिलेल्या तापाच्या औषधाची असते. जिवाणूंचा संसर्ग असला, तरी रोगी खातपीत असेल आणि उलट्या नसतील तर कित्येकदा गोळी पुरते. मेट्रोनिडॅझोलची बाटली आपल्याकडे सर्रास लावतात. पण त्याची गोळी घेतली तरी जवळजवळ सगळे औषध रक्तात पोचते. लिनेझोलिड आणि लिव्होफ्लॉक्सॅसिनचेही तसेच. हाडासांध्यांच्या चिवट संसर्गात शिरेतूनच औषध हवे, असे वर्षानुवर्षे मानले जात होते. ब्रिटनमध्ये हजारावर रोग्यांवर झालेल्या ‘ओव्हिव्हा’ चाचणीने २०१९मध्ये दाखवून दिले, की पहिल्या सहा आठवड्यांत तोंडावाटे दिलेले योग्य औषधही त्या तोडीचे ठरते.

दुसरा मुद्दा : “विडालमध्ये टायफॉइड निघालाय, मग इंजेक्शन नको का?” विडाल चाचणी जिवाणू शोधत नाही, ती रक्तातली प्रतिपिंडे मोजते. पूर्वी झालेला टायफॉइड, घेतलेली लस किंवा दुसराच एखादा ताप यांमुळेही ती वाढलेली दिसू शकते. एका विडालवर टायफॉइड ठरत नाही. त्यासाठी रक्ताचे कल्चर लागते. आणि खरोखर टायफॉइड असेल, तर तीन दिवसांच्या तीन सुयांनी उपचार पुरा होत नाही. म्हणजे निदान चुकले तर औषध वाया आणि निदान बरोबर असले तर उपचार अर्धवट. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६पासून पसरलेल्या टायफॉइडवर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच चालेनासे झाले. ती वेळ आपल्यावर येऊ नये, असे वाटत असेल तर हे औषध जपूनच वापरले पाहिजे.

तिसरा मुद्दा : “टेस्ट डोस दिलाय, आता काळजी नाही.” हा भरवसा सगळ्यांत घातक. कातडीत टोचलेला थेंब उठला नाही म्हणून पुढे रिअ‍ॅक्शन येणारच नाही, अशी हमी कुणी देऊ शकत नाही. खरे संरक्षण आधी विचारलेल्या प्रश्नात आहे : पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर गांधी उठल्या, दम लागला, चक्कर आली? आणि दुसरे संरक्षण हाताशी ठेवलेल्या अ‍ॅड्रिनॅलिनमध्ये. रिअ‍ॅक्शन आलीच तर प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, तत्काळ. ज्या खोलीत अ‍ॅड्रिनॅलिन नाही, तिथे शिरेतून प्रतिजैविक देऊ नये.

चौथा मुद्दा सातपुड्याच्या पायथ्याचा : “हे नियम पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांचे. पाड्यावर कसे पाळणार?” याला उत्तर महाराष्ट्रानेच देऊन ठेवले आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत जेमतेम शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिन हे प्रतिजैविक टोचायला शिकवले. ती सुई शिरेतली नव्हती, स्नायूतली होती. पण ठरलेली लक्षणे, मोजलेला डोस आणि प्रत्येक बाळाची नोंद, ही शिस्त काटेकोर होती. अशा संसर्गात दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापले. शिस्तीला मोठी इमारत लागत नाही, हे त्या स्त्रियांनी सिद्ध केले.

मग मी काय मांडतो? शिरेतून प्रतिजैविक नकोच, असे मी म्हणत नाही. जिथे ते हवे, तिथे क्षणाचाही उशीर नको. ताप असताना रोगी बरळू लागला, श्वास भराभर चालला, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली किंवा तान्ह्या बाळाने दूध सोडले, तर तो सेप्सिस, म्हणजे संसर्गाने अवयव ढासळण्याची अवस्था, असू शकतो. रक्तदाब ढासळला असेल, तर पहिला डोस तासाभरात शिरेत गेला पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्राने तो द्यावा, औषध, मात्रा आणि वेळ चिठ्ठीवर लिहावी, आणि १०८ रुग्णवाहिकेने रोग्याला धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे. शक्य असेल तिथे डोसाआधी कल्चरसाठी रक्त घ्यावे, पण त्यासाठी डोस अडवून ठेवू नये.

घाई तो डोस सुरू करण्याची, देताना मात्र काटेकोरपणा. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि आर.एल.ची (रिंगर लॅक्टेट सलाईनची) बाटली एका नळीत एकत्र येऊ द्यायची नाही. आर.एल.मधल्या कॅल्शियमशी संयोग होऊन कण तयार होतात आणि नवजात बाळांत ते जिवावर बेतले आहे. स्नायूत टोचण्यासाठी लिग्नोकेनमध्ये कालवलेले सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन शिरेत कधीच जाता कामा नये. व्हॅन्कोमायसिन घाईने सोडले तर अंग लालबुंद होते, रक्तदाब घसरतो. त्याला किमान एक तास द्यावा. अमिकॅसिन वजन करून आणि क्रिएटिनिन पाहूनच द्यावे, कारण ते मूत्रपिंडावर आणि कानावर घाला घालते. आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. अशा मुलाला तापात हेच सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन तारते, पण क्वचित त्यानेच रक्तपेशी झपाट्याने फुटतात. म्हणून डोसानंतर मूल अचानक पांढरे पडले किंवा लघवी काळपट झाली, तर औषध तिथेच थांबवावे. सिरिंज प्रत्येकाला नवी. शेजारच्या गुजरातेत मोडासा येथे २००९मध्ये पुन्हा वापरलेल्या सुयांनी कावीळ ब पसरवून माणसे मारली.

आणि थांबण्याचीही वेळ ठरलेली हवी. ४८ ते ७२ तासांनी डॉक्टरांनी रोग्याच्या खाटेशी येऊन ठरवावे : कल्चर काय म्हणते, औषध बदलायचे का, गोळीवर आणायचे का, की बंद करायचे? इंट्राकॅथ (शिरेत बसवलेली नळी) हातात आहे म्हणून सुई चालू ठेवणे हा उपचार नाही. त्या इंट्राकॅथच्या जागीच नवा संसर्ग शिरतो.

मेडिकलवाल्यांचीही यात जबाबदारी आहे. मार्च २०१४पासून ‘शेड्यूल एच-वन’ नियम लागू आहे. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन किंवा मेरोपेनेम विकताना डॉक्टर, रोगी आणि नग यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. चिठ्ठीशिवाय वायल देणारा दुकानदार गिऱ्हाइकावर उपकार करत नाही. आणि वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा त्या वायली पत्र्याखाली तापू न देणे हेही त्याचेच काम.

२०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंनी जगात थेट सुमारे १२ लाख ७० हजार बळी घेतले, असा ‘लॅन्सेट’मधला अंदाज सांगतो. साध्या तापात आज उधळलेली वायल उद्या धुळ्याच्या अतिदक्षता विभागातल्या बाळंतिणीला उपयोगी पडणार नाही. म्हणून सुई लागण्याआधी प्रत्येक नातेवाइकाने तीन प्रश्न विचारावेत : औषध कोणते, शिरेतूनच का, आणि कधी थांबणार? ज्या डॉक्टरांकडे उत्तरे आहेत, त्यांना या प्रश्नांचा राग येणार नाही. ती उत्तरे केसपेपरवर लिहून मागणे हा आपला हक्क आहे, आणि तो बजावल्याशिवाय हा रिवाज मोडणार नाही.